जिभेचा लगाम : ख्रिस्ती परंपरेतील वाणीसंयमाचा अभ्यास

पहाटेच्या घंटेनंतर सभागृहात ओळीने बसून आम्ही पंचशील म्हणत असू. चौथे शील असत्य वाणीपासून अलिप्त राहण्याचे. गुरुजी समजावून सांगत की, या शीलाचा विस्तार सम्यक वाचेत होतो : असत्य बोलू नये, चहाडी करून माणसामाणसांत फूट पाडू नये, कठोर बोलू नये आणि निरर्थक बडबड करू नये. वसतिगृहाच्या वर्षांत हे शील आम्ही हजाराहून अधिक वेळा म्हटले असेल. ते जिभेवर आले. परंतु जिभेच्या मागे जे मन आहे तेथपर्यंत कितपत पोहोचले, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला.

आम्ही नववीत असताना एका मुलाच्या पेटीतील परीक्षा फीचे पैसे नाहीसे झाले. संशय आमच्याच तुकडीतील एका मुलावर गेला. कोणी काही पाहिले नव्हते. गुरुजींकडे तक्रारही झाली नाही. केवळ पंगतीत, पाण्याच्या टाकीजवळ, दिवे मालवल्यावर अंथरुणात त्याचे नाव घेतले जाऊ लागले. आमच्यापैकी प्रत्येकाने एवढेच म्हटले, "असे ऐकले बुवा." त्याला समोर कोणी विचारले नाही. तो जवळ आला की बोलणे थांबे. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला, तो परत आला नाही. पुढे त्याच पेटीच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ते पैसे सापडले. ही बातमी वसतिगृहात एका दिवसात सर्वांना कळली. ज्याला कळावयास हवी होती, त्याला मात्र कोणी कळविली नाही.

त्या दिवसांत आम्ही खोटे बोललो होतो काय? ज्याने त्याने जे ऐकले तेच सांगितले होते. तरीही एका मुलाचे शिक्षण आमच्या जिभांनी थांबविले. पुढे आमच्यापैकी काहींनी ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत व रुग्णालयांत नोकरी केली. तेथील सकाळच्या उपासनेत जिभेविषयीचा एक उतारा वारंवार कानी पडला आणि दर वेळी ती पेटी आठवली. 'ये आणि पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या शाळेत आम्ही वाढलो. म्हणून शेजारच्या परंपरेने या विषयाचा काय विचार केला आहे, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

याकोबाचे पत्र

तो उतारा बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा आहे. परंपरेनुसार हा याकोब म्हणजे येशूचा भाऊ व यरुशलेम येथील मंडळीचा प्रमुख. पत्र लहान आहे, अवघ्या पाच अध्यायांचे. त्यातील तिसऱ्या अध्यायाचा आरंभ लक्षात घेण्याजोगा आहे. जिभेविषयी बोलण्यापूर्वी याकोब शिक्षकांकडे वळतो आणि सांगतो की, तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होण्याची घाई करू नये, कारण शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. ज्याचे काम बोलण्याचे, त्याचा हिशेबही बोलण्याचाच. शाळेच्या स्मरणिकेत हे वाक्य सर्वप्रथम नोंदविले पाहिजे. विद्यार्थ्याचा शब्द एका मुलाला लागतो. फळ्यापाशी उभे राहून उच्चारलेला शब्द सबंध वर्ग घरी घेऊन जातो.

यानंतर याकोब ओळीने दाखले देतो. घोड्याच्या तोंडातील लहानसा लगाम सबंध जनावर वळवितो. वाऱ्याने ढकलले जाणारे मोठे तारू एका छोट्या सुकाणूने वळते. एक ठिणगी केवढे तरी रान पेटविते. पहिल्या दोन दाखल्यांत लहान वस्तूचे सामर्थ्य उपयोगी आहे, तिसऱ्यात ते विनाशक आहे. जीभ दोन्ही प्रकारची आहे, हे याकोबाला सांगावयाचे आहे. पुढे तो म्हणतो की, माणसाने पशू, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि जलचर वश केले. जीभ मात्र कोणाही माणसाला वश करता आलेली नाही.

या युक्तिवादाचे मर्म पुढे येते. ज्या मुखाने आपण देवाची स्तुती करतो, त्याच मुखाने देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसांना शाप देतो; एकाच झऱ्यातून गोड आणि खारे पाणी निघते काय, असा याकोबाचा प्रश्न आहे. ख्रिस्ती दृष्टीने माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे. म्हणून माणसाची विटंबना केली की केलेल्या प्रार्थनेलाच बाध येतो. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात याकोबाने याहून स्पष्ट सांगितले आहे : स्वतःला धार्मिक समजणाऱ्याने जिभेला लगाम घातला नाही, तर त्याचा धर्म व्यर्थ होय.

झऱ्याचे मूळ

आपल्याकडे 'जिभेला हाड नसते' अशी म्हण आहे. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' असेही आपण म्हणतो. या दोन्ही म्हणींत दोष जिभेचा आहे. येशूची शिकवण याच्या एक पाऊल मागे जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो सांगतो की, अंतःकरणात जे काठोकाठ भरले आहे तेच मुखावाटे बाहेर येते. माणूस कशाने विटाळतो, या वादातही त्याचे उत्तर असेच होते : तोंडात जाणाऱ्या अन्नाने माणूस अशुद्ध होत नाही, तोंडातून जे बाहेर पडते त्याने होतो. अन्नाच्या व स्पर्शाच्या विटाळाखाली पिढ्यान्पिढ्या भरडल्या गेलेल्या आपल्या समाजाला या उत्तराची धार वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

डोंगरावरील प्रवचनात येशूने मनुष्यहत्येची आज्ञा घेतली आणि ती शब्दापर्यंत आणून भिडविली. भावावर रागावणारा, त्याला हीन लेखून हाक मारणारा, त्याला मूर्ख म्हणणारा, हे सर्व त्याने न्यायास पात्र ठरविले. अपमानाचा शब्द हा हत्येच्या वाटेवरील पहिला टप्पा आहे, असा त्याचा भाव. वसतिगृहात आपण एकमेकांना जी नावे ठेवीत होतो, रंगावरून, तोतरेपणावरून, वडिलांच्या कामावरून, ती आपण थट्टा म्हणूनच ठेवीत होतो. परंतु आज मेळाव्यात भेटल्यावर त्या नावाने हाक मारली की काही चेहरे अजूनही क्षणभर उतरतात.

येथे धम्मविचार व ख्रिस्ती विचार यांतील भेद प्रांजळपणे नोंदविला पाहिजे. धम्मात वाचेचा विचार कुशल-अकुशलाच्या कसोटीवर होतो : या बोलण्याने माझे, दुसऱ्याचे किंवा उभयतांचे अहित होते काय? भगवान बुद्धांनी राहुलाला हाच प्रश्न बोलण्यापूर्वी, बोलताना व बोलल्यानंतरही स्वतःला विचारावयास शिकविले. ख्रिस्ती मनुष्य मात्र प्रत्येक शब्द देवासमोर बोलतो, आणि प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल अशी येशूची ताकीद त्याच्यापुढे असते. आधार भिन्न आहेत. तरी बोलण्याआधी क्षणभर थांबण्याची जागा दोघांनीही एकच दाखविली आहे.

जेवणाच्या मेजावरील ओळी

ही शिकवण रोजच्या सहजीवनात कशी उतरली, याची दोन जुनी उदाहरणे निवासी शाळेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा येथे, ऑगस्टीन हे इसवी सन ४३० मध्ये मृत्यू येईपर्यंत बिशप होते. आपल्या सहकारी धर्मसेवकांसह ते एकाच घरात राहत व एकाच मेजावर जेवत. त्यांचे चरित्रकार पॉसिडियस यांनी सांगितले आहे की, त्या मेजावर ऑगस्टीन यांनी काव्याच्या ओळी कोरून घेतल्या होत्या. अनुपस्थित व्यक्तीच्या आयुष्याचे लचके तोडण्याची ज्याला आवड आहे, त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असे समजावे, हा त्यांचा आशय. एकदा त्यांचे काही निकटचे बिशप-मित्रच जेवताना हे विसरले. तेव्हा ऑगस्टीन यांनी त्यांना कडक शब्दांत सांगितले की, एक तर मेजावरील या ओळी पुसाव्या लागतील, नाही तर आपण जेवण अर्धे टाकून खोलीत निघून जाऊ. पाहुणे मोठे होते म्हणून त्यांनी नियम सैल केला नाही.

दुसरे उदाहरण सहाव्या शतकातील इटलीचे. बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत आणि तिचा पहिलाच शब्द 'ऐक' असा आहे. तिच्यात मौनावर स्वतंत्र प्रकरण आहे. जेवताना एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे. काही हवे असल्यास खुणेने मागावे. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये. परंतु ही नियमावली केवळ तोंड बंद करणारी नाही. मठाचा महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असेल तेव्हा प्रमुखाने सर्वांना बोलवावे व सर्वांचे ऐकावे, कारण पुष्कळदा अधिक चांगली गोष्ट देव लहानांना सुचवितो, असे तिच्यात सांगितले आहे. कोठार सांभाळणाऱ्यासाठी तर एक सुंदर सूचना आहे : मागणाऱ्याला देण्यासाठी हाती काही नसेल, तर निदान चांगला शब्द द्यावा. धान्य संपत आलेल्या दिवसांतही आपल्या भटारखान्यात ज्यांनी आम्हांला रिकाम्या ताटाबरोबर दुरुत्तर दिले नाही, त्यांची आठवण येथे सहजच होते.

खरे असले तरी

'मी खोटे कोठे बोललो? जे आहे तेच सांगितले,' हा आपला नेहमीचा बचाव असतो. ख्रिस्ती नीतिविचाराने तो स्वीकारलेला नाही. कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धचे तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेशा आधाराविना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी मानणे, हा पहिला. खऱ्याच असलेल्या दोषांची, रास्त कारण नसताना, ते ठाऊक नसलेल्यांपुढे वाच्यता करणे, हा दुसरा. असत्य सांगून बदनामी करणे, हा तिसरा. आमच्या तुकडीचा अपराध यांपैकी कोठला? आरंभ पहिल्यापासून झाला आणि शेवट तिसऱ्यापाशी. मधला प्रवास 'असे ऐकले बुवा' या तीन शब्दांनी केला.

मग दुसऱ्याच्या चुकीविषयी बोलूच नये काय? तसेही नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने याचा क्रम घालून दिला आहे. भावाने तुझा अपराध केला, तर प्रथम त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखव. त्याने ऐकले नाही, तर आणखी एकदोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही, तर मंडळीला सांग. चहाडीचा क्रम याच्या अगदी उलट असतो : प्रथम सर्वांना कळते, मग एकदोघांना कीव येते, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याच्या कानी ते सर्वांत शेवटी पडते, किंवा पडतच नाही.

गोड आणि खारे पाणी

या शिकवणीचा अभ्यास करताना ख्रिस्ती इतिहासातील अपयशही पाहिले पाहिजे. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये सामान्य कुटुंबांसाठी एक छोटे धर्मशिक्षण-पुस्तक लिहिले. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, या आज्ञेचा अर्थ सांगताना ते केवळ निषेधावर थांबले नाहीत. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे कर्तव्य त्यांनी सांगितले. आजही जगभरातील ल्यूथरन मुले हे शिकतात.

त्याच ल्यूथर यांनी १५४३ मध्ये ज्यू लोकांविरुद्ध एक विखारी पुस्तक लिहिले. त्यांची प्रार्थनामंदिरे जाळावीत, घरे पाडावीत, असे सल्ले त्यात दिले. चार शतकांनंतर नाझी प्रचारकांनी त्या पुस्तकाचा आधार घेतला. शेजाऱ्याचा चांगला अर्थ लावावा असे लिहिणारी लेखणी आणि मंदिरे जाळा असे लिहिणारी लेखणी एकाच हातातील होती. याकोबाचा झऱ्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. 'शेजारी' या शब्दातून ज्या दिवशी आपण एखादा समाज वगळतो, त्या दिवशी वाणीसंयमाचे सारे पाठांतर वाया जाते. याची साक्ष या देशातील आपल्या पूर्वजांनी अंगावर वागविली आहे.

फिंकनवाल्डेचा नियम

ल्यूथर यांच्याच देशात, त्यांच्याच पंथात, १९३५ साली एक छोटी निवासी शाळा सुरू झाली. हिटलरच्या राजवटीपुढे न झुकणाऱ्या प्रोटेस्टंट गटाने आपले भावी धर्मगुरू घडविण्यासाठी ती काढली होती. आरंभी ती बाल्टिक समुद्रकाठी भरली व काही आठवड्यांत स्टेटिन शहराजवळील फिंकनवाल्डे येथे हलविली गेली. तो भाग आज पोलंडमध्ये आहे. तिचे प्रमुख डीट्रिख बोनहोफर तेव्हा २९ वर्षांचे होते.

तेथे बोनहोफर यांनी विद्यार्थ्यांना एक साधा नियम घालून दिला : सोबत्याच्या अनुपस्थितीत त्याच्याविषयी बोलू नये, आणि बोलणे झालेच, तर नंतर स्वतः जाऊन त्याला ते सांगावे. त्यांचे विद्यार्थी व पुढे चरित्रकार झालेले एबरहार्ड बेथगे यांनी नमूद केले आहे की, हा नियम मोडल्याने आणि तो पुन्हा पाळण्याचा निश्चय केल्याने विद्यार्थी जे शिकले, ते प्रवचनांतून शिकले त्याच्या जवळजवळ बरोबरीचे होते. म्हणजे तेथेही नियम मोडत असे. नियमाची ताकद त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होती. आपण जे बोललो ते त्याला जाऊन सांगावे लागेल, हे ठाऊक असले की पुढच्या वेळी जीभ आपोआप जड होते.

सप्टेंबर १९३७ मध्ये गेस्टापोने ती शाळा बंद केली. तेथील सहजीवनाच्या अनुभवावर बोनहोफर यांनी लिहिलेले पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांची कोणती सेवा करावी हे सांगताना त्यांनी पहिले स्थान जीभ आवरण्याला दिले आहे. दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि त्याला मदत करणे, या सेवा त्यानंतर येतात. कारण जो सतत दुसऱ्याचे माप काढीत असतो, त्याला तो दुसरा दिसतच नाही. माप काढणे थांबले की माणूस दिसू लागतो.

मौनाची मर्यादा

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. 'जीभ आवरा' हा उपदेश सत्ताधाऱ्यांनी दुर्बलांना पुष्कळ वेळा केला आहे. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला उद्धट ठरवून गप्प बसविणे, याला वाणीसंयम म्हणत नाहीत. बायबलमधील नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू आपले तोंड उघड, दीनदुबळ्यांच्या न्यायासाठी बोल, असे ती माता सांगते. बोनहोफर यांनी १९३४ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात नेमके याच वचनाचे स्मरण करून दिले होते. अनुपस्थित सोबत्याविषयी गप्प राहावयास शिकविणारा हा शिक्षक ज्यूंच्या छळाविषयी गप्प बसला नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले.

मुक्यांसाठी तोंड उघडणे म्हणजे काय, हे आपल्याला दूर जाऊन शिकावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याचे नावच 'मूकनायक' ठेवले. ज्यांच्या तोंडून शब्द काढून घेण्यात आले होते, त्यांचा शब्द त्यांना परत मिळवून देणे हे त्या नावातील कार्य होते. म्हणून सूत्र असे मांडता येईल : दुर्बलाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ आवरावी, आणि बलवानाच्या तोंडावर दुर्बलाच्या बाजूने बोलताना ती सैल सोडावी. आम्ही नववीत नेमके याच्या उलट केले. बोलावयास नको तेथे बोललो, आणि पैसे सापडल्यावर बोलावयास हवे होते तेव्हा गप्प राहिलो.

बोललेला शब्द परत घेता येतो काय?

धनुष्यातून सुटलेला बाण व तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही, असे आपण मानतो. ख्रिस्ती परंपरा याला एका कथेने उत्तर देते. येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ उभा होता. तू त्याच्याबरोबरचा आहेस ना, असे त्याला विचारले गेले आणि त्याने तीन वेळा ओळख नाकारली. कोंबडा आरवला, तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी पेत्राला भेटतो. तेथेही कोळशाचा विस्तव आहे. येशू त्याला दोष देत नाही. तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, असे तीन वेळा विचारतो आणि तीन वेळा उत्तर घेतो. जितक्या वेळा शब्द मोडला, तितक्याच वेळा तो पुन्हा उच्चारावा लागला. शब्द परत येत नाही हे खरे. परंतु ज्या वाटेने तो गेला त्या वाटेने आपल्याला मात्र चालत जाता येते.

डोंगरावरील प्रवचनात अपमानाच्या शब्दाविषयी बोलल्यावर येशूने लगेच जे सांगितले, ते याला धरूनच आहे. वेदीवर दान अर्पण करताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, मग येऊन दान द्यावे.

स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची विनंती आली, तेव्हा आम्हा तिघांना हे वचन टाळता आले नाही. या लेखाचा आरंभ एका अनुपस्थित मित्राच्या कथेने होतो. म्हणजे फिंकनवाल्डेचा नियम आम्ही पुन्हा मोडला होता. तेव्हा नियमाचा दुसरा अर्धा भाग पाळणे प्राप्त होते. आम्ही त्याचा शोध घेतला, त्याच्या गावी गेलो आणि येथवरचा मजकूर त्याला वाचून दाखविला. त्याने तो शांतपणे ऐकला. पैसे सापडल्याचे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले. आम्ही क्षमा मागितली. त्याने नाव छापू नका, एवढे सांगितले. मग बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "हे आईला कळायला पाहिजे होते. ती शेवटपर्यंत मला विचारायची नाही, पण तिच्या मनात होते." त्याची आई आता हयात नाही. या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. निघताना त्याने आम्हांला चहासाठी थांबवून घेतले.

आचरणासाठी

अभ्यास आचरणात उतरावा, म्हणून माजी विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवीत आहोत.

१. अनुपस्थित व्यक्तीविषयी जे बोलू, ते तिला समोर सांगता येईल काय, हे बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे. बोलून गेलोच, तर आठवड्याच्या आत तिला जाऊन सांगावे.

२. 'असे ऐकले' या शब्दांनी वाक्य सुरू होत असेल, तर ते तेथेच थांबवावे. दुसऱ्याने सुरू केले, तर "त्याला विचारलेस काय?" एवढाच प्रश्न करावा. लाकडे संपली की आग विझते, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. ऐकणारा कान हेही लाकूडच होय.

३. मुलाची चूक एकांतात दाखवावी आणि त्याचे चांगले चारचौघांत सांगावे. पालकांनी घरी शिक्षकांविषयी व शिक्षकांनी वर्गात पालकांविषयी बोलताना हाच विवेक ठेवावा.

४. आरोप चुकीचा ठरला, तर आरोप जितक्या लोकांत पसरला तितक्याच लोकांत त्याचे निराकरण करावे. आणि ज्याच्यावर तो झाला, त्याच्या घरी सर्वांत आधी जावे. तेथे वाट पाहणारी माणसे कायम राहत नाहीत.

आपल्या भोजनगृहाचे नवे बांधकाम या वर्षी पूर्ण होत आहे. तेथील भिंतीवर काय लिहावे, याचा विचार चालू असल्याचे आम्हांला समजले. ऑगस्टीन यांच्या मेजावरील ओळींचा आशय सोप्या मराठीत तेथे लिहिला जावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मुले दिवसातून दोनदा तो वाचतील. ती तो कधी मोडतीलही. पण मोडला हे त्यांना कळेल. आम्हांला ते कळावयास फार वर्षे लागली.